एकतिसाव्या दिवसाची गोळी

नाशिकमध्ये माझं औषधांचं दुकान आहे. आसपास कुठे मोठं आरोग्य शिबिर झालं की महिनाभराने काउंटरवर एक ठरलेला प्रसंग घडतो. एखादी आजी कनवटीतून प्लास्टिकची एवढीशी पिशवी काढते. आत एकच गोळी उरलेली. स्ट्रिपमधून आधीच सुटी केलेली, पांढरी, गोल, मधोमध रेघ. पिशवीवर अक्षर नाही.

"भाऊ, अशाच द्या."

पांढऱ्या, गोल, रेघवाल्या गोळ्या माझ्या दुकानात शेकड्याने आहेत. बीपीची की साखरेची, विचारलं तर म्हणते, डाक्टरांनी दिली. कुठले डॉक्टर? "मोठे होते. मुंबईचे. गेले ते."

मी बीपी मोजतो, सरकारी दवाखान्यात पाठवतो, ती जाते की नाही ते मला कळत नाही.

हे आता लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आलेला एक फोन. शरणपूर रोडवरच्या माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा अमेरिकेत डॉक्टर आहे. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती, मुलगा चर्चमध्ये मनापासून रमणारा. त्याच्या चर्चचा एक गट दरवर्षी दक्षिणेकडच्या आफ्रिकेत वैद्यकीय सेवेला जातो. जोहान्सबर्गला उतरायचं, मग झांबिया, मग मलावी, बारा दिवसांत परत. "काका, भारतात औषधं स्वस्त पडतात, यादी पाठवतो, भाव सांगाल का?" यादी आली. अ‍ॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, अ‍ॅटेनोलॉल, पॅन्टोप्रॅझोल, जीवनसत्त्वं, वेदनाशामकं. प्रत्येकासमोर हजारांत आकडा. सोबत मागच्या वर्षीचे फोटो: शाळेचा वर्ग, बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर अजून बेरजा, दारापासून आंब्याच्या झाडापर्यंत रांग.

यादी वाचताना मला ती आजीच दिसत होती.

अशा यात्रांचा विषय मराठी माणसांत काढला की चर्चा पहिल्या मिनिटाला धर्मांतरावर जाते. औषधाच्या आडून बाटवाबाटवी, की निरपेक्ष सेवा? दोन्ही बाजूंची वाक्यं पाठ असतात. पण ज्या मुलखाबद्दल बोलतोय तो आधी पाहावा. झांबियाने 1991 मध्ये अध्यक्ष चिलुबांच्या तोंडून स्वतःला ख्रिस्ती राष्ट्र घोषित केलं आणि 1996 मध्ये ते संविधानाच्या प्रास्ताविकात घातलं. मलावीत बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत, सरोवराकाठच्या याओ समाजात मुसलमान बरेच. म्हणजे टेक्सास-ओहायोतून आलेला तरुण डॉक्टर तपासणीआधी प्रार्थना करू या म्हणतो, तेव्हा रांगेतल्या बाईला ती त्याच्यापेक्षा जास्त पाठ असते. कोण कुणाला बाटवणार?

तरी प्रार्थना आणि तपासणीची जागा वेगळी असावी हे माझं मत आहे. ज्याच्या हातात औषध आहे त्याने डोळे मिटायला सांगितलं की नाही म्हणायची सोय उरत नाही, मग तो पाद्री असो, महाराज असो की नगरसेवक. हा मुद्दा एवढ्यावर सोडतो, कारण माझं भांडण श्रद्धेशी नाही, बारा दिवसांशी आहे.

या सगळ्या परंपरेचा मूळपुरुष मानला जातो तो डेव्हिड लिव्हिंगस्टन. स्कॉटलंडचा डॉक्टर, लंडन मिशनरी सोसायटीचा माणूस, 1841 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला उतरला. आजच्या बोट्स्वानात क्वेना लोकांचा राजा सेचेले याचा त्याने 1848 मध्ये बाप्तिस्मा केला. आयुष्यात त्याच्या हातून झालेलं धर्मांतर बहुधा हे एकच मोजतात, आणि तेही काही महिन्यांत बिघडलं, कारण सेचेलेने सोडलेल्या एका बायकोला दिवस गेले. गंमत अशी की सेचेले स्वतः नावाजलेला पाऊस पाडणारा वैद्य होता. बाप्तिस्म्यानंतर नेमका दुष्काळ पडला आणि लोकांनी खापर डॉक्टरावर फोडलं.

त्या काळात एका पाऊसवैद्याशी झालेला वाद लिव्हिंगस्टनने स्वतःच लिहून ठेवलाय, आणि प्रामाणिकपणा असा की त्यात समोरच्याला हरवलेलं नाही. तो वैद्य म्हणतो, तूही औषध देतोस, मीही देतो. तुझा रोगी कधी बरा होतो, कधी मरतो. बरा झाला की देवाने केलेल्या कामाचं श्रेय तू घेतोस. मीही तेच करतो. तीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, या युक्तिवादाला फक्त एक उत्तर आहे: हिशेब ठेवणं. कुणाला काय दिलं, किती दिलं, पुढच्या महिन्यात त्याचं काय झालं. हा हिशेब नसेल तर मी आणि तो पाऊसवैद्य एकाच पायरीवर उभे आहोत. आणि बारा दिवसांच्या यात्रेत नेमका पुढचा महिना नसतो.

लिव्हिंगस्टनशी आम्हा नाशिककरांचं नातं आहे, पण शरणपूर रोडवर रोज गाडी चालवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते माहीत असतं. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणली जात आणि त्यातली बरीच चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या वसाहतीत वाढली. शाळा शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. 1866 च्या जानेवारीत लिव्हिंगस्टन शेवटच्या सफरीसाठी मुंबईहून निघाला तेव्हा शरणपूरची नऊ मुलं त्याच्यासोबत होती. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचं नाव 'नासिक बॉइज'. त्यांच्याबद्दल त्याने फारसं चांगलं लिहिलेलं नाही, काही जण मधेच सोडूनही गेले.

या सफरीत एक घटना घडली, ती औषधवाल्याच्या काळजाला भिडते. तापावर लिव्हिंगस्टन स्वतः बनवलेल्या गोळ्या देत असे: क्विनीन, सोबत कॅलोमेल, रेवाचिनी आणि जालप ही रेचकं. पुढे एका इंग्रजी औषध कंपनीने त्या त्याच्या नावाने बाजारातही आणल्या. 1867 च्या जानेवारीत त्याची औषधांची पेटी पळालेल्या हमालांबरोबर गेली. मृत्यूची शिक्षा ऐकल्यासारखं वाटलं, असं त्याने रोजनिशीत नोंदवलं. त्यानंतरही तो सहा वर्षं चालत राहिला आणि 1 मे 1873 ला आजच्या झांबियात चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी मरण पावला.

पुढचं जास्त महत्त्वाचं. त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली जेकब वेनराइटने, आणि झाडावर मजकूर कोरला तोही त्यानेच. हा जेकब शरणपूरच्या शाळेत शिकलेला, 1872 मध्ये स्टॅनलीने, म्हणजे लिव्हिंगस्टनला शोधून काढणाऱ्या पत्रकाराने, मदतीला पाठवलेल्या माणसांतला. मग लिव्हिंगस्टनचे जुने सोबती चुमा आणि सुसी, जेकब आणि इतर साठेक जणांनी मिठात वाळवलेला देह झाडाच्या सालीत गुंडाळून दीड हजार किलोमीटरच्या वर वाहून समुद्रावर आणला. चुमासुद्धा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये अंत्यविधीला त्यांच्यातला एकटा जेकब पोचला. चुमा आणि सुसी यांना इंग्लंडला बोलावलं ते सगळं आटोपल्यावर.

मिशनच्या कामाचा हिशेब करायचा तर तो असा वाहून नेणाऱ्यांचा करावा, असं मला वाटतं. 1908 च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत सिसिलिया माकिवाने ही पहिली कृष्णवर्णीय नोंदणीकृत परिचारिका झाली. ती शिकली लव्हडेलच्या मिशनच्या व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये. कुणीतरी दोन आठवडे येऊन तिला शिकवून गेलं नव्हतं. तिथे दवाखाना होता, वसतिगृह होतं, तिच्या चुका रोज बघणारी माणसं होती. वर्णभेदाच्या सरकारने पुढे 1970 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतली मिशन रुग्णालयं ताब्यात घेतली, पण परिचारिका ताब्यात घेता येत नाहीत, त्या लोकांत पसरलेल्या असतात.

मलावीत हे काम आजही चालू आहे. चर्चच्या रुग्णालयांची संघटना, 'चाम', 1966 पासून आहे. देशाच्या आरोग्यसेवेचा सुमारे तिसरा हिस्सा तिच्याकडे आहे आणि तोही बराचसा खेड्यांत. तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार सरकार देतं, इमारती आणि कारभार चर्चचा. झांबियातही खेड्यापाड्यांत चर्चची रुग्णालयं अशीच आधाराला आहेत. मलावीत बहुतेक ठिकाणी सिझेरियन करतो तो एमबीबीएस डॉक्टर नसतो, क्लिनिकल ऑफिसर असतो. तीन-चार वर्षं शिकलेला, रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात पोट उघडणारा. त्याचा फोटो कुणाच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर मी पाहिलेला नाही.

आणि मलावीत एक वस्तू आहे जिच्यावर माझा जीव जडलाय: हेल्थ पासपोर्ट. शाळेच्या वहीच्या अर्ध्या आकाराची एक पुस्तिका. रोग्याचा सगळा इतिहास त्यात, आणि ती रोग्याजवळच राहते. लस, ताप, बाळंतपण, गोळ्यांची नावं, सगळं तिच्यात. बाई दहा किलोमीटर चालून येते तेव्हा ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचते, पावसात भिजू नये म्हणून. माझ्या दुकानात येणाऱ्या लोकांपैकी चौथ्या माणसाकडेही असलं काही नसतं.

आता फोनवरच्या त्या मुलाला मी पहिला प्रश्न विचारला तो हाच. मागच्या वर्षी तुम्ही पासपोर्टात लिहिलंत का? तो जरा थांबला. म्हणाला, काही जणांनी लिहिलं, पण आमचं स्वतःचं कार्ड होतं, एका बाजूला तपासणी, दुसऱ्या बाजूला बायबलमधलं वचन. मूळ कार्डं आम्ही अहवालासाठी परत नेली.

म्हणजे रोग्याचा कागद अमेरिकेत आणि रोगी मलावीत.

उच्च रक्तदाब म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावतो. तो दुखत नाही. गोळी घेतल्याने बरं वाटत नाही, न घेतल्याने वाईट वाटत नाही. त्याची गोळी तीस दिवसांची दिली तर खरं औषध एकतिसाव्या दिवशी सुरू होतं, कारण त्या दिवशी माणूस ठरवतो की पुन्हा आणायची. त्यातल्या काही गोळ्या, म्हणजे अ‍ॅटेनोलॉलसारख्या, एकदम बंद केल्या तर दाब उसळतो आणि हृदयाच्या रोग्याला धोका असतो. अशा गोळ्या एक महिन्यापुरत्या हातावर ठेवून विमानतळ गाठणं याला सेवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चांगला हेतू रोग्याच्या रक्तात उतरत नाही, रसायन उतरतं.

यावर नेहमीचं उत्तर येतं आणि ते फेटाळण्याइतकं पोकळ नाही: काहीच नसण्यापेक्षा हे बरं. शंभर किलोमीटरवर डॉक्टर नाही, त्या आईचं मूल तापाने फणफणलंय, तिला तू तत्त्वज्ञान सांगणार? नाही सांगणार. काही कामं बारा दिवसांत खरंच होतात. मोतीबिंदू काढायला अनुभवी हाताला वीसेक मिनिटं लागतात आणि आंधळी बाई पाहायला लागते, फक्त दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला आणि महिन्याने डोळा तपासायला तिथला माणूस हवा. किडलेला दात एकदाच उपटावा लागतो. मलावी सरोवरात पाय बुडवणाऱ्या पोरांना होणाऱ्या बिल्हार्झिया या कृमिरोगावर प्राझिक्वान्टेल एकदाच, वजनाप्रमाणे. जंतांची गोळी तशीच. या कामांना लोक जावेत, जरूर जावेत.

पण "काहीच नाही" हा शब्दप्रयोग बहुतेक वेळा पाहुण्याच्या अज्ञानातून येतो. मलावीच्या खेड्यात हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट असतो, सरकारी पगारावरचा, सायकलवरून फिरणारा. लहान मुलांच्या तापाची, न्यूमोनियाची, हगवणीची औषधं देण्याचं त्याला शिकवलेलं असतं. त्याच्या डब्यातलं औषध संपलेलं असतं ही खरी अडचण. परदेशी गट येणार ही बातमी पसरली की लोक त्याच्याकडे जायचे थांबतात, गोऱ्या डॉक्टरांची वाट बघतात. मिशन रुग्णालयात थोडी फी पडते, इथे फुकट. चार दिवस तो सायकलवाला दुभाषी होऊन उभा राहतो, चिचेवातून इंग्रजीत, इंग्रजीतून चिचेवात. पाचव्या दिवशी पाहुणे जातात आणि त्याला पुन्हा रिकामा डबा घेऊन त्याच लोकांसमोर जायचं असतं. त्याची पत वाढली की घटली? या प्रश्नाची एक ओळ मी कुठल्याही यात्रेच्या अहवालात वाचलेली नाही, "किती रुग्ण तपासले" हा आकडा मात्र पहिल्या पानावर असतो.

यापेक्षा मोठं काम त्याच श्रद्धावान अमेरिकनांनी केलंय, आणि घर न सोडता. 2001 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधं माणशी वर्षाला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. तोवर त्याच उपचाराला पाश्चात्त्य कंपन्या 10 हजार डॉलरच्या वर मागत होत्या. औषध स्वस्त झालं, पण ते विकत घेऊन खेड्यापर्यंत न्यायला पैसा हवा होता. तिकडे दक्षिण आफ्रिकेत अध्यक्ष म्बेकी विषाणूवरच शंका घेत बसले होते आणि 'ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन'चे लोक, स्वतः बाधित असलेले, सरकारशी रस्त्यावर आणि कोर्टात भांडत होते. 2003 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी परदेशांतल्या एचआयव्ही उपचारांना पैसा देणारा 'पेपफार' हा कार्यक्रम आणला तेव्हा त्यामागे अमेरिकेतल्या इव्हान्जेलिकल चर्चचा जोर होता. अडीच कोटी जीव वाचले असा अमेरिकी सरकारचाच दावा आहे. एस्वातिनीत चौघा प्रौढांत एक बाधित असताना तो देश उभा आहे, तो रोजच्या एका गोळीवर. ही गोळी कुणी फोटो काढत हातावर ठेवलेली नाही. ती दर महिन्याला, त्याच खिडकीवर, नाव लिहिलेल्या रजिस्टरमधून मिळत आली.

2025 च्या जानेवारीत वॉशिंग्टनमधल्या एका सहीने परदेशी मदत थांबली. पुढे काही औषधवाटपाला सूट मिळाली, पण दरम्यान दवाखाने बंद पडले, समुपदेशक घरी गेले, आणि खिडकीवर आलेल्या लोकांना एकतिसावा दिवस म्हणजे काय ते कळलं. अशा वेळी प्रत्येक चर्चने दोन जादा यात्रा काढल्या तरी ती भोकं बुजत नाहीत. खासदाराला फोन करणारा भाविक त्या काळात विमानात बसणाऱ्या भाविकापेक्षा जास्त उपयोगाचा होता, असं मी त्या मुलाला म्हणालो. त्याला ते आवडलं नाही.

नवं काही मी सांगत नाहीये, हे मला माहीत आहे. चर्चच्या डॉक्टरांनी 1964 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगनला बसून स्वतःलाच विचारलं होतं की आपण रुग्णालयांच्या भिंतीत अडकून तर नाही पडलो? त्यातून 1968 मध्ये ख्रिश्चन मेडिकल कमिशन निघालं आणि सर्वांसाठी प्राथमिक आरोग्यसेवा मागणाऱ्या 1978 च्या अल्मा आटाच्या जाहीरनाम्यामागे त्याचा मोठा हात होता. आणि 1970 मध्ये आपल्या तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, जामखेडला, काम सुरू केलेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर जोडप्याने लिहितावाचता न येणाऱ्या बायांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली. त्यातल्या बऱ्याच जणी दलित. आधी त्यांच्या हातचं पाणी लोक पीत नव्हते, पुढे बाळंतपणाला त्यांनाच बोलावू लागले. हे करायला आरोळ्यांना पंधरवडा पुरला नाही, उभं आयुष्य लागलं. माझ्या ख्रिस्ती मित्रांना मी म्हणतो, तुमच्या घरात एवढं सोनं असताना तुम्ही दरवर्षी बेन्टेक्स कशाला मिरवता?

कुणी म्हणेल, तरुण माणूस एकदा जाऊन आला की त्याचं आयुष्य बदलतं, तो पुढे देणग्या देतो, कदाचित कायमचा जातो. होतं असं. पण मग त्याला शिक्षणसहल म्हणावं, खर्च स्वतः करावा, आणि तिथल्या लोकांना रोगी म्हणून न वापरता शिक्षक म्हणून मानधन द्यावं. एका माणसाच्या जाण्यायेण्याच्या भाड्यात तिथल्या परिचारिकेचा कित्येक महिन्यांचा पगार निघतो, हा हिशेब त्यालाही येतो.

त्या मुलाशी माझं बोलणं तिथे तुटलं नाही, याचं श्रेय त्याचं. मी भाव पाठवले नाहीत. म्हटलं, जिथे शिबिर आहे तिथून जवळच्या मिशन रुग्णालयातल्या क्लिनिकल ऑफिसरला आधी ही यादी पाठव. दहा दिवसांनी त्याने मला ते उत्तर पुढे पाठवलं. इंग्रजीत, फार सभ्य, चार ओळींचं. तुमच्या यादीतल्या बीपीच्या दोन गोळ्या आमच्याकडे मिळत नाहीत, त्या कुणाला सुरू करू नका. आमच्याकडे ज्या मिळतात त्यांची नावं खाली दिली आहेत. जे काही कराल ते कृपया पासपोर्टात लिहा, वाचता येईल असं. आणि शक्य असेल तर बीपीच्या यंत्राचे मोठे पट्टे आणि बॅटऱ्या आणा.

खाली मुलाचा संदेश होता: "काका, बॅटऱ्या तुमच्याकडे नसतील ना?"

पट्टे माझ्याकडे होते. बॅटऱ्यांसाठी मी त्याला मेन रोडवरच्या एका दुकानाचा नंबर दिला.